काँक्रीटचा कडीपाट आणि डोक्यावरचं ओझं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या घर पुरवणीत एक वाचकपत्र आलंय, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहितेय, थोडं लांब होईल पण शक्य असेल तर पूर्ण छापा. त्या पत्रात दोन वाक्यं होती. पहिलं, पोकळ स्लॅब म्हणजे कच्चा स्लॅब. दुसरं, स्लॅब कारखान्यातून तयार यायला लागले की आर्किटेक्टला काही काम उरत नाही आणि सगळी घरं एकसारखी खोकी होतात. मी १७ वर्षं सोलापुरात आर्किटेक्ट म्हणून काम करतेय आणि माझा अनुभव अगदी उलटा आहे. हलका प्रीकास्ट स्लॅब, म्हणजे आधी साच्यात पाडून मग वर बसवायचा स्लॅब, वापरायचं ठरलं की आमचं काम वाढतं, ते खूप आधी सुरू होतं, आणि घरात जे करावंसं वाटत असतं पण स्लॅबच्या वजनापायी सोडून द्यावं लागतं, त्यातलं बरंचसं करता येतं.

वजनाचं आधी सांगते. साधी १० बाय १२ ची बेडरूम घ्या. त्यावर आपण नेहमी टाकतो तो पाच इंची, म्हणजे १२५ मिमीचा आरसीसी स्लॅब. आरसीसीचं वजन घनमीटरला २५०० किलो धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३१२ किलो, आणि त्या एका खोलीवरचा स्लॅब झाला साडेतीन टन. वर कोबा आणि फरशी वेगळी. आता त्याच खोलीत राहणारी माणसं, पलंग, कपाटं हे सगळं मिळून आयएस ८७५ प्रमाणे (आयएस म्हणजे भारतीय मानक, बांधकामाचे नियम त्यात दिलेले असतात) जे वजन धरायचं ते चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे सव्वादोन टन. म्हणजे ज्यांच्यासाठी स्लॅब टाकला त्यांच्यापेक्षा स्लॅबच जास्त जड. मग तो पेलायला बीम, बीम पेलायला कॉलम, कॉलमखाली फुटिंग, आणि आमच्याकडे काळी माती असली की फुटिंग अजून मोठं. घरमालक आम्हाला विचारतात की मॅडम हा ९ बाय २४ चा कॉलम खोलीत बाहेर का आलाय, हा बीम नेमका देवघरावरूनच का गेलाय. त्याचं खरं उत्तर बरेचदा हेच असतं की वर जे टाकलंय ते फार जड आहे.

हे वजनाचं माझ्या डोक्यात कॉलेजात शिरलेलं नाही, त्याच्या खूप आधी शिरलंय. माझं आजोळ उमरगा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप आला. आजोळचं घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. तो थर दरवर्षी पावसाळ्याच्या आधी पांढरी माती टाकून नीट केला जायचा, गळू नये म्हणून आणि उन्हाळ्यात घर थंड राहावं म्हणून, आणि जुनी माती कोणी काढत नसे त्यामुळे पिढ्यानपिढ्या ते जाड होत गेलेलं. दीड फूट माती धरली तरी चौरस मीटरला सातशे-आठशे किलो होतात, आणि ते सगळं झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर. आजी अंगणात झोपली होती म्हणून वाचली. त्या भागात हजारो माणसं गेली, त्यातली कितीतरी भिंतींच्या दगडांखाली आणि या मातीखाली. भूकंपाचा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात लागतो, वजन कमी तर जोर कमी. पुढे कॉलेजात आयएस १८९३ मधलं ते सूत्र फळ्यावर लिहिलं गेलं तेव्हा मला ते पाठ करावं लागलं नाही.

म्हणून हलकं छत, हलका मजला हा माझ्यासाठी फॅशनचा विषय नाही.

आता हलका प्रीकास्ट म्हणजे नेमकं काय, कारण त्या पत्रलेखकांनी सगळं एकाच नावाखाली घेतलंय. माझ्या कामात याचे तीन प्रकार येतात, आणि तिघांचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला माझा सगळ्यात आवडता. रुरकीच्या सीबीआरआयने, म्हणजे सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने विकसित केलेली प्लँक आणि जॉइस्टची पद्धत. काँक्रीटच्या छोट्या तुळया, साधारण १५० बाय १५० मिमीच्या, दीड मीटरच्या अंतराने ठेवायच्या आणि त्यांच्यावर ३०० मिमी रुंदीच्या, दीड मीटरपर्यंत लांब काँक्रीटच्या फळ्या मांडत जायच्या. फळी मध्ये ६० मिमी जाड आणि कडेला ३० मिमी, म्हणजे दोन फळ्या शेजारी ठेवल्या की मध्ये आपोआप खोबण तयार होते, त्यात सळया टाकून जागेवर काँक्रीट भरलं की फळ्या आणि तुळया एकजीव होतात. याला आयएस १३९९० आणि १३९९४ अशी दोन कोड आहेत १९९४ पासूनची. आता तुम्हीच सांगा, तुळई आणि वर फळी, हे आपल्या वाड्यांमधल्या कडीपाटाशिवाय दुसरं काय आहे. कडी आणि पाट. वाई, सातारा, पुण्यात, पंढरपुरात ज्यांनी जुन्या वाड्याच्या माडीत खाली झोपून वर बघितलंय त्यांना ती कड्यांची ओळीने जाणारी लय माहीत आहे. तेच काँक्रीटमध्ये. वर फॉल्स सीलिंग लावायची गरजच पडत नाही, फळीचा खालचा भाग साच्यातला असल्यामुळे गुळगुळीत येतो, नुसता चुन्याचा पांढरा हात मारला तरी छत सुंदर दिसतं आणि खिडकीतून येणारा उजेड कड्यांवरून एकेक करत आत सरकताना दिसतो. सपाट गिलावा केलेल्या छतावर तो कधीच दिसत नाही. वजन सगळं मिळून चौरस मीटरला साधारण १९० ते २०० किलो.

यात अजून एक गोष्ट आहे ती गावगल्लीत काम करणाऱ्यालाच कळेल. एक फळी भरते साधारण पन्नास-साठ किलो, दोन माणसं उचलून नेतात, क्रेन लागत नाही. चार वर्षांपूर्वी बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत काम होतं, टेम्पो सुद्धा आत येत नव्हता. चुन्यात बांधलेलं दगडी घर, दोन फुटी भिंती, वर माळवद, कुटुंब वाढलेलं आणि वर एक मजला हवा होता. आधीच्या ठेकेदाराने सांगितलेलं की पाडा आणि आरसीसी फ्रेम उभी करा, त्याशिवाय होणार नाही. घरातल्या आजोबांना घर पाडायचं नव्हतं. आम्ही माझ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर आधी पाया उघडून बघितला, भिंती तपासल्या, आणि मग वजनाचा हिशोब मांडला. वरची फूटभर माती उतरवली की चौरस मीटरला ५०० किलोच्या वर ओझं कमी होत होतं, त्याच्या जागी २०० किलोचा कडीपाट, वरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या, आणि त्यावर हलकं कौलारू छत. माणसांचं आणि सामानाचं वजन धरूनही भिंतींवरचं एकूण ओझं आधीपेक्षा फार वाढत नव्हतं. मग भिंतींच्या माथ्यावरून चारी बाजूंनी आरसीसीचा पट्टा फिरवला, त्यात तुळयांच्या सळया अडकवल्या, आयएस ४३२६ मध्ये अशा छोट्या प्रीकास्ट भागांसाठी भूकंपाचे नियम दिलेले आहेत ते पाळले. फळ्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर लाकडी साच्यात आम्हीच पाडल्या, पाणी मारून पक्क्या केल्या, आणि एकदा तुळया बसल्या की सगळ्या फळ्या दोन दिवसांत वर मांडून झाल्या. पहिली फळी ठेवली तेव्हा आजोबा खाली खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी एवढंच म्हटलं, अरे ही तर आमचीच माडी. भरीव स्लॅब टाकून त्या भिंतींवर ते घर वाचलं नसतं.

दुसरा प्रकार ज्याला पत्रात कच्चा म्हटलंय तो, हॉलो कोअर. लांबच लांब फळी, बहुतेक १२०० मिमी रुंद, जाडी १५० पासून ४०० मिमीपर्यंत आणि आतून लांबीच्या दिशेने आरपार पोकळ नळ्या. खालच्या भागात ताणलेल्या तारा असतात म्हणजे प्रीस्ट्रेस केलेली असते. आता पोकळ का, तर स्लॅब वाकतो तेव्हा त्याच्या वरच्या थरावर दाब येतो आणि खालच्या थरातल्या स्टीलवर ताण येतो, मधलं काँक्रीट त्यात फारसं काही करत नाही, ते नुसतं वजन म्हणून बसलेलं असतं. ते काढून टाकलं म्हणजे जोर फारसा कमी होत नाही, ओझं कमी होतं. बांबू पोकळ असतो आणि ज्वारीचं ताटही आतून हलकंच असतं, वाऱ्यात उभं राहतं ना. २०० मिमीची भरीव फळी चौरस मीटरला ५०० किलो होईल, हॉलो कोअर तीनशेच्या आत येते आणि घरासारख्या लोडला सहा-सात मीटर, म्हणजे २०-२२ फूट मध्ये एकही बीम न घेता जाते.

त्या २०-२२ फुटांचा अर्थ काय होतो हे जरा थांबून सांगायचंय, कारण खरा डिझाइनचा फायदा इथे आहे. आपल्या नेहमीच्या प्लॅनमध्ये दर १०-१२ फुटांवर कॉलम आणि बीम येतात, आणि मग आम्ही भिंती त्या बीमखाली लपवत जातो. म्हणजे घराचा प्लॅन माणसाने कसं राहावं यावरून निघत नाही, बीम कुठे आहे यावरून निघतो. बीम नसला की भिंत कुठेही घेता येते, आज दोन खोल्या हव्यात तर हलकं पार्टिशन, उद्या मुलगी शिकायला बाहेरगावी गेली तर ते काढून मोठा हॉल. शाळेचा वर्ग, अभ्यासिका, दवाखान्याचा वेटिंग हॉल, खाली पार्किंग असलेल्या बिल्डिंगा, सगळीकडे हा प्रश्न आहे. पार्किंगमध्ये तर एक कॉलम कमी झाला तर एक गाडी सरळ आत जाते. आणि उंची. दहा फुटांच्या मजल्यात दीड फुटाचा बीम खाली लोंबला की दारावर, खिडकीवर काहीच राहत नाही, खिडकी छतापर्यंत नेता येत नाही, आणि उजेड खोलीच्या मागच्या भागापर्यंत पोचायचा असेल तर खिडकीचा वरचा भागच सगळ्यात महत्त्वाचा असतो. सपाट तळ मिळाला की खिडकी वर नेता येते. उंच बिल्डिंगमध्ये दर मजल्याला १५० मिमी वाचले तरी दहा मजल्यांत दीड मीटर.

फिलाडेल्फियातली लुई कान यांची रिचर्ड्स मेडिकल लॅबोरेटरी आमच्या अभ्यासक्रमात असते, १९६० च्या सुमाराची. अहमदाबादचं आयआयएम ज्यांनी केलं तेच कान. तिथे मजले प्रीकास्ट काँक्रीटच्या जाळीदार गर्डरवर आहेत, ऑगस्ट कोमेंडंट हे त्यांचे इंजिनिअर, आणि त्या गर्डरच्या मोकळ्या चौकटींमधूनच लॅबचे सगळे पाइप, डक्ट नेलेत. झाकलेलं नाही, उघडं ठेवलंय, आणि तेच त्या इमारतीचं रूप आहे. कारखान्यात तयार झालेला मजला आर्किटेक्टला निरुपयोगी करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी ते छत फोटोत तरी एकदा बघावं.

तिसरा प्रकार एएसीचे स्लॅब पॅनल, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे सिपोरेक्स म्हणतात त्याचेच, पण आत सळयांची जाळी घातलेले. हा मटेरियल शोधला कोणी, तर स्वीडनमधल्या एका आर्किटेक्टने, योहान एरिक्सन यांनी, १९२० च्या दशकात. लाकडासारखं हलकं, उष्णता अडवणारं पण न जळणारं आणि न कुजणारं काहीतरी हवं म्हणून. आपल्या महाराष्ट्रात ते पुण्याच्या बी. जी. शिर्के यांनी आणलं, आणि त्यांच्या कंपनीची थ्री-एस पद्धत म्हणजे प्रीकास्ट कॉलम, बीम आणि वर या हलक्या काँक्रीटचे स्लॅब, त्यात मुंबई-नवी मुंबईकडे म्हाडा, सिडकोची हजारो घरं झाली. म्हणजे हा काही परदेशातून काल आलेला विषय नाही, अशा पॅनलसाठी आयएस ६०७३ हे कोड १९७१ चं आहे. इतकी वर्षं हाताशी असून छोट्या शहरातल्या आर्किटेक्टच्या टेबलावर ते आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. १५० मिमीचं पॅनल चौरस मीटरला शंभर-सव्वाशे किलो भरतं. वरचं काँक्रीटचं टॉपिंग धरलं तरी भरीव स्लॅबच्या बरंच खाली.

आणि उन्हाळा. सोलापूरचा एप्रिल-मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. ४३-४४ डिग्री, रात्री अकरा वाजता वरच्या मजल्यावर झोपायला गेलं तर पंखा गरम हवा खाली ढकलत असतो कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो. एएसीमधून उष्णता साध्या काँक्रीटच्या जवळपास आठ-दहा पट कमी वेगाने जाते. माळवद जे काम मातीने करायचं, म्हणजे घर थंड ठेवणं, ते इथे आतल्या बारीक हवेच्या बुडबुड्यांनी होतं आणि वजन त्याच्या पाचव्या-सहाव्या भागावर येतं. आमच्या भागात गच्चीखालच्या खोल्यांसाठी मला याहून योग्य दुसरं काही दिसत नाही. मात्र ते पाणी पितं, त्यामुळे वॉटरप्रूफिंगमध्ये कसूर चालत नाही, आतल्या सळयांना कारखान्यातच गंज न लागण्याचं कोटिंग असतं ते उघडं पडता कामा नये, आणि साइटवर कोणीही उठून करवतीने पॅनल कापायचं नाही. अजून एक, हलका मजला आवाज कमी अडवतो. वर मूल धावलं तर खाली ऐकू येतं, त्यासाठी फरशीखाली मऊ थर घ्यावा लागतो. हे मी घरमालकांना आधीच सांगते.

आता त्या पहिल्या वाक्यावर येते, कच्चा. ही भीती उगाच आलेली नाही हे मला मान्य आहे. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट नावाच्या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि पत्ते कोसळावेत तसा इमारतीचा एक अख्खा कोपरा खालपर्यंत गेला, चार माणसं गेली. ७ डिसेंबर १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात लेनिनाकान शहरात प्रीकास्ट फ्रेमच्या नऊ मजली इमारती कोसळल्या. २००१ च्या भूजच्या भूकंपात कच्छमधल्या काही प्रीकास्ट शाळांची छतं पडली. हे सगळं खरं आहे. पण प्रत्येक ठिकाणी अभ्यास झाला तेव्हा दोष फळीत निघाला नाही, सांध्यात निघाला. फळ्या एकमेकींना आणि भिंतींना-बीमना नीट बांधलेल्या नव्हत्या, मजला एका अखंड ताटासारखा हलायला हवा होता तो सुट्या तुकड्यांसारखा हलला. म्हणून तर आता वर कमीत कमी ५० मिमीचं काँक्रीट जाळी टाकून आम्ही ओततो, फळ्यांच्या टोकांतून आणि सांध्यांतून सळया नेऊन बीममध्ये अडकवतो, टेकणीची जागा पुरेशी ठेवतो, आणि कोपरे कोपऱ्यांना जोडतो. हे केलं तर मजला पक्का, नाही केलं तर तो धोकादायक, आणि हे करून घेणं हे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोघांचं काम आहे. जागेवर ओतलेला स्लॅब तरी कुठे आपोआप पक्का असतो. टेकू लवकर काढले, व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, कव्हर ब्लॉक विसरले, पाणी वाढवलं, वाळू मातकट आली, हे सगळं मी दर पावसाळ्यात बघते, आणि एकदा गिलावा झाला की आतलं कोणाला दिसत नाही. कारखान्यात किंवा प्लॉटवर साच्यात पडलेली फळी वर जायच्या आधी तुम्ही हाताने फिरवून, ठोकून बघू शकता, तडा दिसला तर बाजूला काढू शकता, एखादीवर वजन ठेवून तपासू शकता.

टेकूंवरून आठवलं. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस आणि त्यावरच्याचे चौदा दिवस ठेवायचे असतात, म्हणजे तेवढे दिवस खालचा मजला जंगलासारखा भरलेला, प्लंबर नाही इलेक्ट्रिशियन नाही. इथे फळी बसली की खाली मोकळं. घरमालक भाड्याच्या घरात राहून हप्ते भरत असतो त्याला या दिवसांची किंमत विचारा.

दुसरं वाक्य, आर्किटेक्टला काम उरत नाही. मी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका क्लासेसच्या इमारतीचं काम होतं, ड्रॉइंग सगळी नेहमीसारखी झाली, मंजुरी झाली, आणि मग खर्च-वेळ बघून हॉलो कोअर घ्यायचं ठरलं. खोल्यांची मापं मी १२०० च्या पटीत घेतलेली नव्हती. प्रत्येक खोलीत शेवटी कुठे ७०० मिमी तर कुठे ९५० मिमीची पट्टी उरायला लागली, ती जागेवर ओतावी लागली, वाचलेले दिवस त्यात गेले. बाथरूमचे पाइप जिथे जायचे तिथे बरोबर फळीच्या तारा, तिथे भोक पाडता येत नाही कारण तार तुटली की फळीचा जोर गेला. शेवटी संडास-बाथरूमचा सगळा पट्टा वेगळा जागेवर ओतला. पंख्याचे हुक कुठे, हे कोणी ठरवलंच नव्हतं, ते फळ्यांच्या सांध्यात घ्यायला हवे होते. फळी आडवी टाकायची की उभी हेही आम्ही खूप उशिरा बोललो, आणि तिची दिशा बदलली की उजेडाची दिशा, भिंतींवरचं वजन, बाल्कनी बाहेर काढता येते की नाही हे सगळंच बदलतं. त्यात पुरवठादाराची किंवा ठेकेदाराची काही चूक नव्हती, चूक माझी होती, कारण मी स्लॅब हा विषय शेवटी घेतला. त्यानंतर आमच्या ऑफिसात पहिल्या स्केचवरच फळ्यांच्या रेघा मारून ठेवतो. कुठली फळी, कुठून कुठे टेकणार, ओल्या खोल्या कुठे, पाइप कुठून उतरणार, मग बाकीचं.

जुन्या घरांची मापं खणात असायची ना, दोन खणी माजघर, चार खणी ओसरी, आणि खण ठरायचा लाकूड किती लांबीचं मिळतं त्यावर. त्या मापात राहूनही एक वाडा दुसऱ्यासारखा कधी झाला नाही, कारण चौक कुठे घ्यायचा, ओसरी कुठल्या दिशेला, जिना कुठून काढायचा हे बांधणाऱ्यांच्या डोक्यातून यायचं. १२०० मिमी किंवा दीड मीटर हा आमचा खण समजा. घरं खोक्यांसारखी होतात ती फळीमुळे होत नाहीत, एकच प्लॅन शंभर वेळा टाकल्यामुळे होतात, आणि तसं तर जागेवर ओतलेल्या स्लॅबच्या वसाहतीही खोकीच आहेत, पुण्या-मुंबईच्या कुठल्याही हायवेवरून जाताना दिसतात.

खर्चाचं विचारतील म्हणून थोडक्यात. एकाच छोट्या बंगल्यासाठी हॉलो कोअर लांबून मागवलं तर वाहतूक आणि क्रेनमध्ये परवडत नाही, तिथे प्लँक-जॉइस्ट जागेवर पाडून घेणं बरं. तीन-चार मजल्यांच्या पुढे, शाळा, हॉस्टेल, वसाहती अशा ठिकाणी हॉलो कोअरचा हिशोब जमतो. एक उदाहरण देते, ४ बाय ४ मीटरच्या ग्रिडमध्ये मधल्या एका कॉलमवर १६ चौरस मीटर मजला येतो, चौरस मीटरला १०० किलो वाचले तर मजल्याला १.६ टन, पाच स्लॅब असले तर त्या एका कॉलमखालचं ८ टन ओझं कमी. काळ्या मातीत फुटिंगच्या खोदाईला आणि स्टीलला किती लागतं हे ज्यांना माहीत आहे ते या आकड्याकडे दुर्लक्ष करणार नाहीत. म्हणून नुसता स्लॅबचा चौरस फुटाचा रेट एकासमोर एक ठेवू नका, पायापासूनचा हिशोब मांडून बघा.

माझ्या दोन विनंत्या आहेत. आर्किटेक्चर कॉलेजातल्या सरांना आणि मॅडमना, मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एकदा तरी काँक्रीटची फळी स्वतःच्या हाताने साच्यात पाडायला आणि दोघांनी मिळून उचलायला लावा, नुसत्या सेक्शनमध्ये १२५ मिमीची जाड रेघ मारून वजन कळत नाही. आमच्या ऑफिसात ट्रेनिंगला येणारी मुलं पहिल्यांदा फळी उचलतात तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात, आणि मग ती विचारायला लागतात की मॅडम ही अजून पातळ करता येईल का.

दुसरी विनंती आपल्याला. पोकळ स्लॅब म्हणजे कच्चा स्लॅब हे वाक्य पुरवणीत छापून गेलंय आणि ते वाचून मला गेल्या चार दिवसांत दोन घरमालकांचे फोन आलेत, त्यातल्या एकांच्या साइटवर ९६ फळ्या पाडून तयार आहेत आणि ते आता त्या मोडून भरीव स्लॅब टाकू का विचारतायत. पुढच्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, नीट बांधलेला पोकळ किंवा हलका स्लॅब कच्चा नसतो एवढं तरी छापा, सोबत फळी आणि सांध्याचा छेद दाखवणारं चित्र मी काढून देते. त्यांची फळ्या चढवायची तारीख पुढच्या बुधवारची आहे.

आपली,
एक नियमित वाचक आणि आर्किटेक्ट
सोलापूर